धुराचा वारसा

मराठवाड्यांतील खेड्यांत पाहुणा घरीं आला म्हणजे आधीं पाण्याचा तांब्या पुढें येतो, आणि त्याच्या पाठोपाठ चंची उलगडली जाते. चंचींत पान, सुपारी, चुना आणि तंबाखू हीं असावयाचींच. शेताच्या बांधावर दोन अनोळखी माणसें भेटलीं तर "काढा जरा तंबाखू" एवढ्या बोलण्यावर त्यांची ओळख होते. बैलाचा सौदा, सोयरिकीची बोलणी, भावकींतील तंट्याची समजूत, ह्या सर्वांची सुरुवात तळहातावर तंबाखू मळण्यानें होते. तंबाखूचा प्रश्न अवघड झाला आहे तो ह्यामुळेंच. दारू घरांत येते ती भांडण घेऊन, म्हणून घरची बाई तिला पहिल्याच दिवशीं ओळखते. तंबाखू सोयऱ्यासारखी येते व ओसरीवर बसते; तिनें काय केलें हें उमगतें तेव्हां वीस-तीस वर्षें उलटून गेलेलीं असतात आणि माणूस रुग्णालयाच्या वाटेवर असतो.

ह्याच मराठवाड्यांत गोदावरीच्या कांठीं नांदेड शहर वसलेलें आहे. गुरु गोविंदसिंग यांनीं १७०८ सालीं येथें देह ठेवला. त्या स्थानीं उभें असलेलें सचखंड श्री हजूर साहिब हें शिखांच्या पांच तख्तांपैकीं एक होय. अमृत घेतलेल्या शिखाला ज्या चार गोष्टी सर्वथा वर्ज्य सांगितल्या आहेत, त्यांत तंबाखूचें सेवन ही एक आहे. हा नियम कोणत्याहि सरकारनें केलेला नाहीं, आणि तो मोडल्याबद्दल दंडाची पावती फाडावी लागत नाहीं. तरीहि तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गुरुद्वाराचा परिसर सोडून बाजाराच्या रस्त्याला लागलें म्हणजे मात्र विडी-सिगारेटचीं दुकानें इतर कोणत्याहि गांवाप्रमाणेंच नजरेस पडतात. एका समाजाला जें व्रतानें साधलें, तें सर्व समाजाला कायद्यानें साधेल काय? लोकांच्या आरोग्यासाठीं सरकारनें धूम्रपान टप्प्याटप्प्यानें बंद करावें काय? जगांतील अनेक देशांत सध्यां हाच प्रश्न चर्चिला जात आहे. नांदेड-लातूरच्या माणसानें तो आपल्या परिस्थितीवर घांसून पाहिला पाहिजे.

प्रश्न आजचा नाहीं. तंबाखू ही ह्या भूमींतील वनस्पति नव्हे. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दक्षिणेंत पसरली. सतराव्या शतकाच्या आरंभीं अकबर बादशहाचा वकील असद बेग हा विजापुराहून परतला, तेव्हां त्यानें बादशहापुढें तंबाखू व ती ओढण्याची नळी ठेवली. हा प्रसंग त्यानें स्वतःच लिहून ठेवला आहे. बादशहानें कुतूहलानें झुरका घेतला, आणि आमच्या वैद्यकांत हिचा उल्लेख नाहीं म्हणून हकीमानें हरकत घेतली. पुढें जहांगीर बादशहानें १६१७ सालीं तंबाखू ओढण्यास बंदी केली. त्या फर्मानाचें नांव आज इतिहासाच्या पुस्तकांत सांपडतें. तंबाखू मात्र घरोघर सांपडते. नुसत्या आज्ञेनें ती जात नाहीं, हा धडा चारशें वर्षांचा जुना आहे.

नांदेड व लातूर हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याच्या राजधानींत १९३० सालीं वझीर सुलतान कंपनी स्थापन झाली, आणि तिच्या 'चारमिनार' सिगारेटीचें नांव दूरवर पोंचलें. खेड्यांत तरीहि राज्य विडीचेंच राहिलें. विडी स्वस्त, आणि तिचें पान जवळच्या रानांतलें. किनवट-माहूरच्या जंगलांत उन्हाळा लागला म्हणजे तेंदूपत्त्याची तोडणी सुरू होते, आणि पावसाळ्यापूर्वींच्या त्या कोरड्या दिवसांत कित्येक आदिवासी घरांना त्याच मजुरीचा आधार असतो. ह्या आधाराचा विचार पुढें करावयाचा आहे. त्याला विसरून केलेला कायदा न्यायाचा होणार नाहीं.

धूम्रपानानें फुप्फुसाचा कर्करोग होतो ही गोष्ट संशयातीत ठरूं लागली ती १९५० सालीं. त्या वर्षीं डॉल व हिल ह्या इंग्रज संशोधकांनीं लंडनच्या रुग्णालयांतील रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. नंतर त्यांनीं ब्रिटनमधील हजारों डॉक्टरांच्याच संवयींचा माग ठेवला. तें काम पन्नास वर्षें चाललें, आणि २००४ सालीं त्याचा निष्कर्ष बाहेर आला. जन्मभर सिगारेट ओढणारा मनुष्य न ओढणाऱ्याच्या मानानें सरासरीनें दहा वर्षें लौकर मरतो. मात्र तिसाव्या वर्षीं संवय सोडणाऱ्याचें हें नुकसान बहुतेक सारें टळतें, आणि पन्नासाव्या वर्षीं सोडणाऱ्याचें निम्में टळतें. म्हणजे उशीर झाला असें म्हणण्यास सहसा जागा उरत नाहीं. विडी लहान म्हणून ती निरुपद्रवी, असा पुष्कळांचा समज असतो. तोहि खरा नाहीं. विडीचें पान नीट पेटत नाहीं, ती पुनःपुन्हां ओढावी लागते, आणि ओढणाऱ्याच्या छातींत धूर उलट अधिकच जातो. भारतांत तंबाखूमुळें दर वर्षीं तेरा लाखांहून अधिक माणसें मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

लातुराहून बार्शी फार दूर नाहीं. देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी १९८७ सालीं बार्शीसच सुरू झाली, आणि तिच्या कक्षेंत परांडा व भूम हे मराठवाड्यांतले तालुकेहि घेण्यांत आले. त्यापूर्वीं खेड्यांतला रोगी घरींच खितपत पडून मरे आणि त्याची गणति कोठेंच होत नसे. नोंदवहींतील एका ओळीमागें एक घर असतें. ज्याच्या जिभेला किंवा गालाच्या आंत न भरणारी जखम झाली आहे, त्याला आधीं घरगुती उपाय होतात, मग तालुक्याचा डॉक्टर होतो, आणि बार्शीला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयाला नेईपर्यंत दुखणें हाताबाहेर गेलेलें असतें. उपचारासाठीं एकर-दोन एकर जमीन गहाण पडते. कर्ता पुरुष जातो, आणि कर्जाचा बोजा मुलाच्या डोक्यावर येतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जगांत जेव्हां हा प्रश्न निघतो तेव्हां तो धुराचा म्हणून निघतो, कारण युरोप-अमेरिकेंत तंबाखू मुख्यतः ओढली जाते. महाराष्ट्राची गोष्ट निराळी आहे. २०१६-१७ सालच्या राष्ट्रव्यापी पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा २६.६ लोक कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखूचें सेवन करीत होते. त्यांत धूम्रपान करणारे शेंकडा ३.८ होते, आणि तोंडांत तंबाखू ठेवणारे, चघळणारे किंवा दांतांना लावणारे शेंकडा २४.४ होते. सात वर्षांपूर्वींच्या, म्हणजे २००९-१० च्या पाहणींत हेच आंकडे अनुक्रमें ६.६ व २७.६ असे होते. धूर कमी झाला, आणि तो बऱ्याच वेगानें कमी झाला. तोंडांतली तंबाखू मात्र थोडीशीच हलली. स्त्रियांचें तर पाहावयासच नको. विडी ओढणारी बाई विरळा, पण भाजलेल्या तंबाखूची काळी मिश्री सकाळीं दांतांना लावल्याशिवाय जिला चैन पडत नाहीं अशा कित्येक. गर्भारपणांत तंबाखूचें असें सेवन करणाऱ्या स्त्रियांचीं बाळें सरासरीनें १०५ ग्रॅम कमी वजनाचीं जन्मतात, असें मुंबईंत झालेल्या व २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत आढळून आलें. तेव्हां नुसता धूर बंद करणारा कायदा मराठवाड्यांत अर्धाच कायदा ठरेल. सिगारेट गेली तर पुडी येईल, आणि व्यापाऱ्याचें कांहींच जाणार नाहीं.

सरकारनें अशी बंदी करूं नये असें म्हणणाऱ्यांचें म्हणणेंहि नीट ऐकून घेतलें पाहिजे. त्यांचा पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा आहे. प्रौढ मनुष्यानें आपल्या शरीराचें काय करावें हें सरकारनें कां ठरवावें? ह्या आक्षेपांत बळ आहे. दिवसभर औतामागें चाललेला सत्तर वर्षांचा शेतकरी संध्याकाळीं ओट्यावर बसून एक विडी पेटवितो. त्याच्या हातांतून ती हिसकावून घेऊन त्याला गुन्हेगार ठरविणारा कायदा कोणालाहि क्रूरच वाटेल. परंतु ह्या स्वातंत्र्याला दोन मर्यादा आहेत. एक तर धूर ओढणाऱ्यापाशींच थांबत नाहीं. मुरली देवरा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २ नोव्हेंबर २००१ रोजीं सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपान बंद करण्याचा आदेश दिला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून तत्संबंधींचे नियम देशभर लागू झाले, ते ह्याच कारणानें. दुसरें असें कीं, ही संवय बहुधा प्रौढपणीं लागतच नाहीं. ती मिसरूड फुटण्याच्या वयांत लागते. ज्या वयांत मुलाला स्वतःच्या नांवाची जमीन विकतां येत नाहीं, त्या वयांत तो जन्मभराचा करार करून बसतो. पुढें चाळीस वर्षें तो जी विडी ओढतो ती स्वेच्छेनें ओढतो असें म्हणणें हें शब्दाशीं खेळणें होय. सोडावयाची इच्छा असूनहि ज्यांना ती सोडवत नाहीं, असे पुष्कळ लोक प्रत्येकाच्या पाहण्यांत असतील.

दुसरा आक्षेप उत्पन्नाचा. तंबाखूवरील करानें सरकारी तिजोरी भरते, हें खरें. परंतु २०१७-१८ सालीं तंबाखूजन्य रोगांमुळें व अकालीं मृत्यूंमुळें देशाचें १,७७,३४१ कोटि रुपयांचें नुकसान झालें असा हिशेब अभ्यासकांनीं मांडला आहे, आणि तंबाखूवरील अबकारी कराचें उत्पन्न त्याच्या शेंकडा बाराच्या आसपास भरतें. एका हातानें बारा रुपये घ्यावयाचे व दुसऱ्या हातानें शंभर घालवावयाचे, ह्याला कोणी संसार म्हणणार नाहीं. सरकारचें मन मात्र येथें दुभंगलेलें दिसतें. सरकारच आरोग्य खात्याकडून तंबाखूच्या पुड्यांवर रोगाचीं भयंकर चित्रें छापवितें, आणि सरकारनेंच स्थापिलेलें तंबाखू मंडळ १९७६ पासून तंबाखूच्या पिकाचा व निर्यातीचा सांभाळ करीत आलें आहे. धोरणाला असें दोन तोंडांनीं बोलतां कामा नये.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, कारण तो पोटाचा आहे. विड्या वळणारे कामगार देशांत पन्नास लाखांच्या घरांत असल्याचें सांगतात, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. नांदेडच्या सीमेपलीकडील निजामाबाद आणि लातुरापासून कांहीं तासांच्या वाटेवरील सोलापूर हीं विडीचीं मोठीं केंद्रें आहेत. सुपांत पानें आणि तंबाखू घेऊन उंबऱ्याशीं बसलेली, हजार विड्यांच्या हिशेबानें मजुरी मिळविणारी बाई ही तंबाखूची व्यापारी नव्हे, ती तंबाखूची पहिली बळी आहे. तंबाखूची धूळ दिवसभर तिच्या श्वासांतून जाते. तिच्यासाठीं १९६६ सालीं कामाच्या अटींचा कायदा झाला आणि १९७६ सालीं कल्याणनिधीचा कायदा झाला. सोलापूरजवळ कुंभारी येथें विडी-कामगार स्त्रियांनीं संघटनेच्या बळावर दहा हजार घरांची वसाहत उभी केली. हात रिकामे असते तर ह्या स्त्रियांनीं काय केलें असतें, ह्याचें उत्तर त्या घरांच्या भिंतींतच आहे. परंतु घर मिळालें तरी चूल विडीवरच पेटते. उद्यां विडी बंद झाली तर कारखानदार दुसरा धंदा काढील. तेंदूपत्ता तोडणारा किनवटचा मजूर आणि सोलापूरची विडीवाली दुसरें काय करणार? भारतानें ५ फेब्रुवारी २००४ रोजीं ज्या आंतरराष्ट्रीय तंबाखू-नियंत्रण कराराला मान्यता दिली, त्यांतहि अशा कामगारांना पर्यायी उपजीविका मिळवून देण्याचें कलम आहे. तें कलम कागदावर असेपर्यंत बंदीची भाषा गरिबाला अन्यायाचीच वाटेल.

चौथा आक्षेप अनुभवाचा आहे. बंदी केली तरी ती पाळली जाते काय? महाराष्ट्रानें गुटख्यावर २००२ सालीं बंदी घातली होती, पण २००४ सालीं ती सर्वोच्च न्यायालयांत टिकली नाहीं. नंतर अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याचा आधार घेऊन जुलै २०१२ मध्यें पुन्हां बंदी झाली, आणि ती तेव्हांपासून वर्षानुवर्षें वाढविण्यांत आली. ह्या बंदीचा कांहींच उपयोग झाला नाहीं असें म्हणणें चूक होईल. भिंतींवरच्या व गाड्यांवरच्या जाहिराती गेल्या, आणि उघडपणें विकण्याची प्रतिष्ठा गेली. परंतु देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके तेलंगणाला लागून आहेत, आणि उदगीर-निलंग्याहून बिदर जिल्ह्याची हद्द जवळ आहे. चोरट्या वाटेनें आलेला माल पकडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतच असतात. भूतान देशानें तर २००४ सालींच तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली. २०१० सालीं त्यानें कायदा इतका कडक केला कीं, चघळण्याच्या तंबाखूच्या अल्पशा पुड्यांसाठीं एका भिक्षूला तीन वर्षांची शिक्षा झाली. चोरटा व्यापार तरीहि थांबला नाहीं, आणि २०२१ सालीं भूतानला विक्रीवरील बंदी उठवावी लागली. खुद्द महाराष्ट्रांत चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं झालेली दारूबंदी २०२१ सालीं मागें घेण्यांत आली, आणि त्या वेळींहि चोरट्या दारूचेंच कारण पुढें आलें.

ह्या सर्व आक्षेपांचें तात्पर्य काय निघतें? धूम्रपान चालूं द्यावें असें त्यांतून निघत नाहीं. एका रात्रींत केलेली, ओढणाऱ्याला शिक्षा करणारी आणि गरिबाच्या चुलीचा विचार न करणारी बंदी फसते, एवढेंच निघतें. म्हणून अलीकडे निराळा मार्ग सुचविला जात आहे. आज जे ओढतात त्यांना हात लावावयाचा नाहीं. परंतु अमुक तारखेनंतर जन्मलेल्या कोणालाहि तंबाखू विकावयाचीच नाहीं. वर्षें जातील तशी विकत घेऊं शकणाऱ्यांची संख्या आपोआप घटत जाईल. न्यूझीलंडनें डिसेंबर २०२२ मध्यें असा कायदा केला. १ जानेवारी २००९ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्यांना सिगारेट कधींच विकली जाऊं नये अशी त्यांत तरतूद होती. सरकार बदललें, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें, अंमल सुरू होण्यापूर्वींच, तो रद्द झाला. तरीहि कल्पना मेली नाहीं. तशाच आशयाचें विधेयक मार्च २०२५ मध्यें ब्रिटनच्या कॉमन्स सभेनें मंजूर केलें. मालदीव बेटांत १ जानेवारी २००७ पासून जन्मलेल्यांसाठीं असा नियम १ नोव्हेंबर २०२५ रोजीं अमलांत आला.

ही पद्धति मराठवाड्याला विशेष लागू पडते. लातूर हें आज विद्यार्थ्यांचें शहर झालें आहे. 'लातूर पॅटर्न' ह्या नांवानें प्रसिद्धि पावलेल्या शिक्षणपद्धतीमुळें वैद्यकीय व अभियांत्रिकी शाखांच्या प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठीं गांवोगांवचीं मुलें येथें येऊन राहतात. नांदेडासहि तोच ओघ आहे. कंधार किंवा अहमदपूर तालुक्यांतल्या खेड्यांतला सोळा वर्षांचा मुलगा आयुष्यांत पहिल्यांदा आईबापांपासून दूर, भाड्याच्या खोलींत राहतो. डोक्यावर परीक्षेचें ओझें असतें, आणि वडिलांनीं काढलेल्या कर्जाची आठवण असते. रात्रीं अभ्यासानें डोळे जड झाले म्हणजे तो चहाच्या टपरीवर येतो, आणि कोणी तरी मित्र त्याच्या हातीं पहिली सिगारेट देतो. पाकिटाचे पैसे त्याच्याजवळ नसतात, पण एका सिगारेटीचे असतात. सुटी सिगारेट घेतली म्हणजे पाकिटावरील रोगाचें चित्रहि त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. सप्टेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें सुट्या विडी-सिगारेटींच्या विक्रीस मनाई केली, तिचें मर्म हें आहे. डॉक्टर होण्यासाठीं आलेला मुलगा रोगी होण्याची पहिली पायरी चढतो, ह्याहून दुःखाची गोष्ट ती कोणती?

त्याचें रक्षण करणारे कायदे नाहींत असें नाहीं. २००३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणें आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आंत ती विकणें हीं दोन्हीं निषिद्ध आहेत. २०१५ च्या बालन्याय कायद्यांत तर मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु कायद्याच्या पुस्तकांतली सात वर्षें आणि टपरीवरची निर्धास्त विक्री ह्यांच्यामध्यें जें अंतर आहे, त्याच अंतरांतून ही संवय घरांत शिरते. जें सरकार शंभर यार्डांची रेघ राखूं शकत नाहीं तें एका पिढीची रेघ राखील ह्यावर विश्वास कोणी ठेवावा? म्हणून पहिला टप्पा हाच असला पाहिजे कीं, आहे तो कायदा शाळेच्या व शिकवणीच्या वर्गांच्या दारांत दिसूं लागावा.

दुसरा टप्पा कराचा. विडीवरील कर सिगारेटीच्या मानानें नेहमींच हलका राहिला. तो वाढविल्यास गरिबावर भार पडतो हें खरें, पण स्वस्त विडीनें गरीबच मरतो हेंहि तितकेंच खरें. हा वाढीव कर सर्वसाधारण तिजोरींत न मिसळतां किनवटच्या पत्तातोड्यासाठीं आणि विडी वळणाऱ्या बाईच्या दुसऱ्या धंद्यासाठीं राखून ठेवला, तर त्या कराला नैतिक अधिष्ठान येईल. तिसरा टप्पा पिढीच्या मर्यादेचा. आणि त्यांत विडी-सिगारेटीबरोबर चघळण्याची तंबाखू व मिश्री हींहि आलीं पाहिजेत. शिक्षा विकणाऱ्याला व बनविणाऱ्याला असावी. ज्याला संवय जडली आहे त्याला नसावी. त्याला दंडापेक्षां उपचाराची गरज आहे. संवय सोडूं इच्छिणारांसाठीं सरकारनें चालविलेली १८०० ११ २३५६ ही विनामूल्य दूरध्वनि-सेवा आहे. तिची माहिती प्रत्येक पानपट्टीच्या दुकानावर असावयास हवी.

हें काम एकट्या महाराष्ट्राचें मात्र नव्हे. २०२५ सालीं कर्नाटकानें तंबाखू विकत घेण्याचें वय एकवीसवर नेलें. म्हणजे बिदरच्या मुलाला जें मिळूं नये तें उदगीरच्या दुकानांत कायद्यानें मिळतें, अशी स्थिति उत्पन्न झाली. रेघेच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा असला म्हणजे फायदा चोरट्याचा होतो. २००३ च्या कायद्यांत संसदेनें तंबाखूचा उद्योग लोकहितासाठीं केंद्राच्या नियंत्रणाखालीं घेतल्याचें जाहीर केलेलें आहे. राज्यघटनेचें सत्तेचाळिसावें कलमहि लोकांचें आरोग्य सुधारणें हें राज्याचें प्राथमिक कर्तव्य मानतें. तेव्हां पिढीची मर्यादा घालावयाची तर ती दिल्लींतूनच घातली गेली पाहिजे.

राहतां राहिला तो व्रताचा प्रश्न. नांदेडचें उदाहरण असें सांगतें कीं, जो नियम मनुष्य आपला म्हणून स्वीकारतो त्याला पहारा लागत नाहीं. कायद्याला ही शक्ति उसनी आणतां येत नाहीं. ती घराघरांत उत्पन्न व्हावी लागते. कायद्याचें काम दुकान दूर नेण्याचें आहे. मुलाचें मन त्या दुकानापासून दूर नेण्याचें काम वडीलधाऱ्यांचें आहे. आजहि कित्येक घरांत संध्याकाळीं बाप मुलाला हांक मारतो, त्याच्या हातावर नाणें ठेवतो आणि दुकानांतून विडीचें बंडल आणावयास सांगतो. दुकानदार तें त्या मुलाच्या हातीं देतो. दोघांनाहि त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं, आणि मुलगा तर वडिलांचें काम केल्याच्या आनंदांत धांवत घरीं येतो. कायद्याच्या दृष्टीनें त्या क्षणीं दुकानदार गुन्हा करीत असतो, पण मुलाच्या हातीं वारसा दिला जातो तो बापाकडून. सरकारनें उद्यां कोणतीहि तारीख ठरविली तरी ज्या घरांत ही हांक थांबेल त्या घरापुरती ती तारीख त्याच दिवशीं उजाडलेली असेल.